सहाव्या मार्गिकेची किंमत

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पश्चिम रेल्वेने गोरेगाव ते कांदिवली या सुमारे साडेचार किलोमीटरांच्या टप्प्यावर सहावी मार्गिका जोडण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी पस्तीस दिवसांच्या ब्लॉकची घोषणा झाली आणि बोरिवली, कांदिवली, मालाड येथील नोकरदार वर्गात साहजिकच अस्वस्थता पसरली. गोराईहून बसने बोरिवली स्थानक गाठणाऱ्या आम्हां मंडळींच्या बोलण्यात त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता. कोणती गाडी रद्द झाली, कोणती उशिरा सुटणार, परीक्षेला अथवा कचेरीला किती आधी निघावे, याची चौकशी प्रत्येकजण करीत होता. रेल्वेने प्रवाशांचा विचार केला नाही, असेही म्हणता येणार नाही. बहुतांश काम रात्रीचे ठेवले गेले. गणेशोत्सवातील गर्दी ध्यानात घेऊन मध्यंतरी काही दिवस ते थांबविण्यातही आले. परंतु रात्री उशिराच्या गाडीने परतताना कांदिवलीजवळ खिडकीतून एक दृश्य हमखास दिसे. नारिंगी जाकिटे घातलेली, खडीवर उकिडवी बसलेली, आमची गाडी एकदाची निघून जाण्याची वाट पाहणारी माणसे. त्यांच्याविषयी कोणी काही विचारल्याचे मला स्मरत नाही. आपल्याला गाडी मिळेल की नाही, याची चिंता आम्हांस होती. ती गाडी त्यांच्या अंगावरून जाणार नाही ना, ही चिंता नेमकी कोणाच्या कामाचा भाग होती?

हा प्रश्न भावनेचा आहे असे समजून तो बाजूला सारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रस्तुत लेखकास तो अर्थशास्त्राचा वाटतो. रेल्वेच्या बांधकामावरील अपघात रुळांवर घडत असला, तरी त्याचा जन्म बहुधा कचेरीत होतो. वेळापत्रक आखणाऱ्या टेबलावर, निविदा उघडणाऱ्या टेबलावर आणि हजेरीपट लिहिणाऱ्या टेबलावर. रुळांवरच्या माणसाला ‘सावध राहा’ असे सांगणारी पाटी लावणे सोपे असते. या तीन टेबलांची तपासणी करणे अवघड असते, आणि म्हणूनच ती सहसा होत नाही.

आपल्याच मार्गावरील एक घटना आठवावी. २२ जानेवारी २०२४ रोजी रात्री नऊच्या सुमारास वसई रोड आणि नायगाव या स्थानकांदरम्यान सिग्नलमधील बिघाड दुरुस्त करण्यासाठी गेलेले रेल्वेचे तीन कर्मचारी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलखाली सापडून मृत्युमुखी पडले. हे कोणी परप्रांतातून काल आलेले बिगारी नव्हते. रुळांशी रोजचा परिचय असलेली, रेल्वेच्या नोकरीतील माणसे होती. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये जो अहवाल दिला, त्यात २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंतच्या काळात सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मरण पावल्याची आणि ८,७०० जखमी झाल्याची नोंद आहे. भागाकार केला तर जवळजवळ दररोज एक मृत्यू पडतो. इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या नियमितपणे घडणाऱ्या गोष्टीला अपघात हा शब्द वापरावा काय, याचाच विचार व्हावयास हवा. जी गोष्ट दररोज घडते तिच्यामागे काही व्यवस्था असते. आणि प्रशिक्षित, कायम नोकरीतील माणसांची ही स्थिती असेल, तर कंत्राटदाराच्या पोटकंत्राटदाराने आणलेल्या मजुराची काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ब्लॉक म्हणजे काय, हे आपण प्रवासी रद्द झालेल्या गाड्यांच्या संख्येवरून ओळखतो. रुळांवर काम करणाऱ्याच्या दृष्टीने तो मोजून दिलेला काळ असतो. शेवटची लोकल गेल्यानंतर आणि पहाटेची पहिली लोकल येण्यापूर्वी मुंबईत जेमतेम तीन तास मिळतात, आणि तेही सगळे कामाचे नसतात. मार्ग बंद केल्याचा निरोप यावा लागतो. पंचवीस हजार व्होल्टांच्या ओव्हरहेड तारांतील वीज तोडून त्या तारा जमिनीशी जोडाव्या लागतात. यंत्रे जागेवर आणावी लागतात. शेवटी हेच सारे उलट क्रमाने करून मार्ग पुन्हा वाहतुकीस योग्य असल्याचा दाखला द्यावा लागतो. जो काळ उरतो त्यात जुना रूळ कापायचा, नवा सांधा बसवायचा, पॉइंट जोडायचे, खडी भरायची. शिवाय एका मार्गिकेवर हे काम चालू असताना शेजारच्या मार्गिकेवरून लांब पल्ल्याच्या गाड्या जातच असतात. अंधार, यंत्रांचा गोंगाट, डोळ्यांवर येणारे प्रखर दिवे आणि घड्याळ, या चौघांच्या मध्ये माणूस उभा असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. दिवसा महाविद्यालय आणि रात्री एका कंत्राटदाराकडे हजेरी लिहिण्याचे काम, असा त्याचा क्रम. बाकावर पेंगत असल्याबद्दल एकदा त्याला मी हटकले, तेव्हा त्याच्या नोकरीची हकीकत कळली. पुढे ओळख वाढल्यावर मी त्याला विचारले, कामावर माणसे जखमी होतात ती केव्हा? तो म्हणाला, “सर, पहिल्या दोन तासांत कोणाला काही होत नाही. ब्लॉक संपायला वीस मिनिटे उरली की मग होते.” त्या वीस मिनिटांत साहेबांना वरून फोन येत असतात, साहेब मुकादमावर ओरडत असतात, मुकादम माणसांवर. पहार उचलायची राहते, कोणी ती आणावयास धावतो, धावताना शेजारच्या रुळावर पाय पडतो. सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवीत आलो. शेवटच्या वीस मिनिटांची किंमत पहिल्या दोन तासांपेक्षा किती निराळी असते, हे त्या मुलाने मला एका वाक्यात शिकविले.

आता हीच घाई आली कोठून, ते पाहू. मुंबई सेंट्रल ते बोरिवली ही सहावी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातली. तिला मंजुरी मिळाली २००८-०९ मध्ये. खार ते गोरेगाव हा सुमारे नऊ किलोमीटरांचा टप्पा प्रत्यक्ष वापरात आला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, दहा दिवसांच्या ब्लॉकनंतर; त्या दहा दिवसांत अडीच हजारांच्या आसपास लोकल फेऱ्या रद्द झाल्या. त्यानंतर वर उल्लेखिलेला कांदिवलीपर्यंतचा टप्पा झाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये कांदिवली-बोरिवली टप्प्यासाठी आणखी सुमारे महिनाभराचा ब्लॉक सुरू झाला. मंजुरीपासून पहिला टप्पा पुरा होईपर्यंत पंधरा वर्षे गेली. जमीन मिळेना, रुळांकाठची घरे हलेनात, पूल रुंद करावे लागले, केबली आणि जलवाहिन्या सरकवाव्या लागल्या. ही कारणे खोटी नाहीत. या शहरात एक भिंत हलवायची तरी किती खात्यांच्या सह्या लागतात, हे नगरपालिकेच्या कारकुनाइतके कोणास ठाऊक असणार? परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या पंधरा वर्षांत कोणालाच घाई नव्हती. फाइल एका टेबलावर सहा महिने राहिली म्हणून कोणी धावले नाही, कोणाचा पाय तुटला नाही. सारी घाई शेवटच्या दहा, पस्तीस आणि तीस रात्रींसाठी राखून ठेवलेली होती. जेथे वेळ वाया गेल्याने केवळ कागद जुना होतो तेथे तो मुबलक उधळायचा, आणि जेथे मिनिटामिनिटाशी माणसाच्या हातापायांचा संबंध आहे तेथे काटकसर करायची, याला नियोजन म्हणत नाहीत.

दुसरे टेबल निविदेचे. सर्वांत कमी दराच्या निविदेस काम द्यावे, या नियमामागे सार्वजनिक पैशाची काळजी आहे आणि ती योग्यच आहे. पण कमी दर येतो कोठून, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडावा. पोलाद आणि सिमेंट सर्व स्पर्धकांना जवळजवळ एकाच भावाने मिळते. यंत्रांचे भाडेही फारसे वेगळे नसते. मग कापता येण्याजोगे उरते ते मजुराच्या वाट्याचे. दुसरी पाळी, नव्या माणसाला काम समजावून देण्याचा एक दिवस, पुरेसे दिवे, रुळालगतचा तात्पुरता कठडा, आणि गाडी येताना शिट्टी फुंकण्यासाठी झेंडी-दिवा घेऊन उभा राहणारा माणूस. सिमेंट कमी घातले तर ते चाचणीत सापडते. झेंडीवाला कमी केला तर तो अपघात होईपर्यंत सापडत नाही, आणि अपघात न झाल्यास तो कंत्राटदाराचा नफा ठरतो. सुरक्षिततेवर प्रामाणिकपणे खर्च धरणारा कंत्राटदार निविदा उघडण्याच्या दिवशीच हरतो. चांगल्या माणसाला बाजारातून हाकलून देणारी ही स्पर्धा आपणच नियम करून भरविली आहे.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, जो धंदा अधिक कष्टाचा वा अप्रिय, त्याचे वेतन अधिक असावयाचे. बाजारच तसे घडवून आणील. पुढील अर्थशास्त्रज्ञांनी धोक्याच्या कामासही तोच न्याय लावला. तत्त्व सुंदर आहे. मात्र त्यासाठी मजुराला धोक्याची माहिती हवी आणि नकार देण्याची ऐपत हवी. गावाकडे पाऊस हुकला, मुकादमाकडून उचल घेतली आणि गाडीत बसून मुंबईस आला, अशा माणसाकडे या दोन्ही गोष्टी नसतात. त्याने धोका पत्करला असे म्हणणे हा शब्दांशी खेळ आहे.

बाजाराने जी किंमत ठरविली नाही ती कायद्याने किती ठरविली, हेही पाहण्यासारखे आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचे सूत्र असे होते: कामगार मृत्यू पावल्यास त्याच्या मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुरूप ठरलेल्या गुणकाने गुणावे. तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८. पण वेतन कितीही असले तरी हिशेबात धरावयाच्या वेतनास मर्यादा होती. २०१० पासून ती आठ हजार रुपये होती. त्याप्रमाणे तीस वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची भरपाई होई ८ लाख ३१ हजार ९२० रुपये. जानेवारी २०२० मध्ये ती मर्यादा पंधरा हजार झाली आणि तोच हिशेब १५ लाख ५९ हजार ८५० रुपयांवर गेला. एका अधिसूचनेने मजुराचा जीव रातोरात जवळजवळ दुप्पट महाग झाला! आदल्या दिवशी मेलेल्याचे काय, असे विचारण्यात आता अर्थ नाही. अर्थ आहे तो पुढच्या प्रश्नात. कोट्यवधी रुपयांच्या कामात ही रक्कम एवढी अल्प आहे की ती वाचविण्यासाठी कोणी कामाची पद्धत बदलणार नाही. आणि ही रक्कम तरी मिळावयास माणसाचे नाव नोंदीत असावे लागते. माझ्या त्या विद्यार्थ्याने सांगितले होते की, हजेरीत कित्येक नावे मुकादम सांगेल तशी लिहायची, आडनाव विचारायला वेळ नसे. एकाच नावाचे चौघे असले की क्रमांक घालायचे. या क्रमांकांच्या विधवांनी कोणत्या कचेरीत जावे?

वस्तुतः त्याच १९२३ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाने, कंत्राटदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाने द्यावी आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे सांगून ठेवले होते. म्हणजे काम ज्याचे त्याची जबाबदारी, हे तत्त्व आपल्या कायद्याला शंभर वर्षांपूर्वीच मान्य होते. मेल्यानंतर जी जबाबदारी मूळ मालकाची, ती जिवंत असताना मात्र कंत्राटदाराची आणि पोटकंत्राटदाराची, अशी विभागणी आपण व्यवहारात करून टाकली.

या व्यवहाराची परंपरा मोठी आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, याचा अभिमान शाळेपासून आपल्या मनावर बिंबविला जातो. त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झालेल्या बोरघाटाच्या कामाविषयी पाठ्यपुस्तके फारशी बोलत नाहीत. सह्याद्रीचा तो कडा पंचवीस बोगदे खणून १८६३ मध्ये सर केला गेला. १८६१ च्या सुमारास तेथे एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकी आणि तापाने, सुरुंगांनी आणि कड्यांवरून पडून जी माणसे मेली त्यांचा अंदाज इतिहासकार हजारांत करतात. नेमका आकडा कोणापाशी नाही, कारण तो ठेवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ मध्ये तेथे मजुरांनी दंगाही केला. त्यानंतर आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले, हे आपणांस नावानिशी ठाऊक आहे. मेलेल्या मजुरांपैकी एकाचेही नाव ठाऊक नाही. कंत्राटदाराची नोंद होते, मजुराची बेरीजसुद्धा होत नाही, ही रीत तेव्हाची.

पुढे कोकण रेल्वे आली. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सातशे चाळीस किलोमीटरांच्या आसपासचा मार्ग पुरा झाला. नव्वदांहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंचीचा सेतू. आपल्या अभियंत्यांच्या कर्तबगारीचा हा कळस होता, यात शंका नाही. पण कठीण खडकाने जेवढे छळले नाही तेवढे मऊ मातीने छळले. गोव्यातील पेडणे बोगद्यात भिजलेली माती पुनःपुन्हा ढासळून काम वर्षानुवर्षे अडले. या संपूर्ण मार्गावर सत्तरांहून अधिक माणसांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्थानकाच्या आवारात श्रमशक्ती स्मारक उभारलेले आहे. बोरघाटाशी तुलना करता ही सुधारणा लहान नव्हे. मृतांची गणना झाली, त्यांना दगडावर का होईना जागा मिळाली. मात्र रत्नागिरीस उतरून घराकडे निघालेल्या चाकरमान्यांपैकी किती जणांनी ते स्मारक थांबून पाहिले असेल, याविषयी मी साशंक आहे. मीही पहिल्या चार-पाच खेपांना पाहिले नव्हते.

कोकण रेल्वेचे प्रमुख ई. श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूर येथे मेट्रोच्या पुलाचा भाग कोसळून सहा जण ठार झाले, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही आणि त्यांनी तो परत घेतला, हा भाग निराळा. पण दोष कोठे होता याची चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता, काम माझे म्हणून उत्तर माझे, असे म्हणणारा अधिकारी निघाला ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. एरवी आपल्याकडे अशा प्रसंगी पहिली अटक कोणाची होते, तर पर्यवेक्षकाची किंवा क्रेन चालविणाऱ्याची. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता तुळई उचलणारे अजस्र यंत्र कोसळून वीस माणसे गेली. त्याच महिन्यात मिझोराममधील सैरांगजवळ रेल्वेच्या पुलावर तसाच प्रकार होऊन वीसहून अधिक मजूर दगावले; त्यांतील बहुतेक बंगालच्या मालदा जिल्ह्याचे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी गुजरातेत वासदजवळ बुलेट ट्रेनच्या कामावर काँक्रीटचे ठोकळे कोसळून तिघे गेले. यंत्रे बदलली, घाट बदलला, प्रांत बदलले. मरणारा मात्र बहुधा दूरच्या जिल्ह्यातून आलेला आणि स्थानिक वृत्तपत्रात एका दिवसापुरता उरणारा असतो.

हे अपरिहार्य आहे, असे समजणाऱ्यांनी लंडनचे उदाहरण पाहावे. ब्रिटनने १९९४ मध्ये असे नियम केले की, बांधकामाच्या सुरक्षिततेची जबाबदारी केवळ कंत्राटदारावर राहणार नाही. काम करवून घेणारा मालक आणि आराखडा काढणारा अभियंता यांच्यावरही ती येईल. नकाशा काढतानाच, हे बांधणारा माणूस कोठे उभा राहील, या प्रश्नाचे उत्तर देणे त्यांना भाग पडले. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लंडनमध्ये क्रीडानगरीचे प्रचंड बांधकाम झाले आणि त्यात एकही मजूर मृत्युमुखी पडला नाही. इंग्रज मजूर आपल्या मजुरापेक्षा अधिक सावध असतो म्हणून हे झाले नाही. जबाबदारीचे ओझे वरच्या टेबलावर ठेवले गेले, म्हणून झाले. बोरघाटात याच देशाच्या कंपनीने काय केले होते हे आठवले म्हणजे, सुधारणा राष्ट्राच्या स्वभावावर अवलंबून नसते हेही ध्यानात येईल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वा अन्य कारणांनी मरतात. सहाव्या मार्गिकेमुळे लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या होतील, लोकल वाढतील, दारात लटकणारी मुले आत येतील. मग कामास विलंब करणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे नव्हे काय? माझ्याच वर्गातली मुले विरार लोकलच्या दारात लटकून येतात, तेव्हा हा प्रश्न मला परका नाही. माझे उत्तर एवढेच की, विलंब रुळांवर झालेला नाही. ब्लॉक पस्तीसऐवजी पन्नास रात्रींचा केला असता तर काम पंधरा रात्री लांबले असते. त्यापूर्वीच्या पंधरा वर्षांपुढे पंधरा रात्री म्हणजे काय? अर्थात त्या पंधरा रात्रींची गैरसोय आपल्या वाट्याला आली असती आणि आपण कुरकुरलो असतो, हे कबूल केले पाहिजे. ब्लॉकची मुदत ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास आपल्या रोषाची भीती वाटते, मजुराच्या रोषाची वाटत नाही. त्या रात्री खडीवर बसलेल्या माणसांच्या वाट्याला येणारी घाई अंशतः आपण पाठविलेली असते.

कायद्यांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा, स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा, इमारत व इतर बांधकाम कामगारांचा १९९६ चा. या शेवटच्या कायद्यासोबत बांधकामाच्या खर्चावर जो उपकर बसविला गेला, त्याचे हजारो कोटी रुपये राज्याराज्यांत पडून राहिले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयास त्यावरून सरकारांची कानउघाडणी करावी लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे व्यावसायिक सुरक्षिततेच्या नव्या संहितेत विलीन झाले आहेत. तीत अडीचशे वा अधिक मजुरांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. पूर्वी ही संख्या पाचशे होती, म्हणजे पाऊल पुढे पडले. परंतु कंत्राटी मजुरांविषयीची कलमे लागू होण्यासाठी पूर्वी वीस मजूर पुरत, आता पन्नास लागतात, म्हणजे येथे ते मागे आले. रात्रीच्या ब्लॉकमध्ये चाळीस माणसे एकाची, पस्तीस दुसऱ्याची आणि तीस तिसऱ्याची असतात. काम एक, गाडी एक, धोका एक. कायद्याच्या दृष्टीने मात्र तीन लहान लहान कंत्राटदार!

या बाबतीत परदेशाकडे पाहण्याची गरजही नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी जो कायदा केला, त्याचे सूत्र साधे होते. मजुराचे नाव मुकादमाच्या वहीत राहणार नाही, मंडळाच्या नोंदीत राहील; मालक मजुरी आणि वर आकार मंडळाकडे भरील; आणि मजूर एका गोदीतून दुसऱ्या गोदामात गेला तरी त्याची नोंद त्याच्यासोबत जाईल. त्या मंडळांत पुढे जे दोष शिरले ते शिरले, पण डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला त्याने नाव दिले हे नाकारता येत नाही. मुंबईच्या रेल्वे प्रकल्पांवर येणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंद, मग त्याला कोणत्याही पोटकंत्राटदाराने आणलेले असो, प्रकल्प चालविणाऱ्या संस्थेनेच ठेवावी. सुरक्षिततेचा खर्च निविदेच्या स्पर्धेतून काढून त्याचा ठराविक रकमेचा स्वतंत्र रकाना करावा. जो खर्च करील त्यालाच तो मिळेल, जो करणार नाही त्याला तो वाचविता येणार नाही. ब्लॉकचे तास कामाच्या मापावरून ठरावेत, तासांवरून कामाचे माप ठरू नये. आणि शेजारच्या मार्गिकेवरील गाड्या त्या काळात बंद अथवा अगदी मंद ठेवाव्यात. काम थांबविण्याचा अधिकार झेंडीवाल्याला असावा आणि तो वापरल्याबद्दल त्याचा खाडा मांडला जाऊ नये. याने प्रकल्पाचा खर्च वाढेल. किती वाढेल ते निविदेत दिसेल, आणि ते दिसावे हाच हेतू आहे. आज तोच खर्च होत आहे. फक्त तो मालदा जिल्ह्यातल्या वा मराठवाड्यातल्या एखाद्या घरात मांडला जातो, आपल्या हिशेबात येत नाही.

बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत पाचवी आणि सहावी मार्गिका घालावयाची आहे. मंजुरी केव्हाच मिळालेली आहे. खाडी, पूल, दलदल आणि चालू वाहतूक यांच्यामधून ते काम जाईल आणि कधीतरी त्याचेही ब्लॉक जाहीर होतील. प्रवासी संघटनांची शिष्टमंडळे रेल्वेच्या अधिकाऱ्यांना भेटतात, तेव्हा जादा फेऱ्या, पंधरा डब्यांच्या गाड्या आणि पादचारी पूल यांच्या मागण्या हिरिरीने मांडतात. त्या मांडाव्यातच. त्याच निवेदनात आणखी दोन ओळी घालता येतील: या कामाच्या निविदेत सुरक्षिततेचा स्वतंत्र रकाना आहे काय, आणि रात्री रुळांवर उतरणाऱ्या माणसांची नावे कोणाच्या वहीत आहेत?